जुनी कार नावावर करून घेताना: कागद, मुदती आणि चासी नंबर

जुनी अल्टो, वॅगनआर किंवा सँट्रो घेताना इंजिनाचा आवाज दहा वेळा ऐकला जातो आणि आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, पाहिली जाते एकदाच, तीही मोबाइलवरच्या फोटोत. गाडी पुढे अडते ती कागदावरच. आरसीवर ज्याचं नाव, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी, मग मधे गाडी कितीही जणांच्या हातातून जावो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. त्यामुळे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही हवी.

सुरुवात चासी नंबरापासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या ओळख क्रमांकापासून करा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) किंवा पुढच्या सीटखाली ठोकलेला असतो. फडक्याने पुसा, टॉर्च धरा आणि सतराही अक्षरं आरसीशी एकेक करून जुळवा. या नंबरात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. आकडे वर-खाली असतील, भोवतीचा रंग वेगळा असेल किंवा पत्र्यावर ग्राइंडर फिरल्याच्या रेघा दिसत असतील, तर व्यवहार सोडून द्या. हीच जागा पुढे पेन्सिल प्रिंटसाठी, म्हणजे नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून उठवलेल्या ठशासाठी लागते. गंजली असेल तर प्रिंट उठत नाही.

गाडी बघायला सकाळी, इंजिन थंड असताना जा. सुरू करताच निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाआत मलईसारखा थर आणि त्यासोबत कूलंटही कमी, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागातलं सील) गेल्याचा संशय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गाडी पुरात बुडाली असेल तर चिखलाची रेघ तिथे राहते. सांगली-कोल्हापूर, चिपळूणचे पूर आठवून ही एक तपासणी चुकवू नका. स्टेपनीखालच्या पत्र्यावर नवं वेल्डिंग दिसलं, तर मागून ठोकर बसलेली आहे.

आता अर्ज. गाडी विकल्याची सूचना देणारा विकणाऱ्याचा फॉर्म २९, नाव बदलण्याच्या अर्जाचा घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा मिळून फॉर्म ३०. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा (पॅन नसेल तर) फॉर्म ६० आणि चासीची पेन्सिल प्रिंट. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने आरटीओला १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरतात. ओटीपी नोंदणीतल्या मोबाइलवर जातो, म्हणून मालकाचा जुना नंबर बंद असेल तर आधी तो बदलून घ्यायला सांगा. याच एका कारणाने कित्येक अर्ज पहिल्याच पायरीवर थांबतात.

कर्ज फिटलं एवढं तोंडी ऐकून चालत नाही. आरसीवर बँकेचं नाव असेपर्यंत बोजा कायम. बोजा उतरवण्यासाठी बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणि ना हरकत पत्र हवं, आणि त्या पत्राची मुदतही बघा. थकलेली ई-चलनं विकणाऱ्यानेच आधी भरावीत. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद आणि सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखालच्या चाचणीची) तारीख तपासा. ही टेस्ट दर तीन वर्षांनी लागते.

मालक वारला असेल तर त्याच्या जुन्या सहीच्या फॉर्मवर गाडी घेऊच नका. वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करायची, मग विकायची. गोवा किंवा कर्नाटक पासिंगची गाडी कायमची इकडे आणायची असेल तर तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८ लागतो, इथला कर भरावा लागतो आणि नंबरही बदलतो. हा कर धरूनच भाव ठरवा. नोंदणी १५ वर्षांची असते; चौदाव्या वर्षात असलेली गाडी घेतली की लगेच नूतनीकरण आणि पर्यावरण कर दारात.

दलालाकडे सह्या करून ठेवलेले, तारीख नसलेले कोरे फॉर्म घेऊन कधीही पूर्ण पैसे देऊ नका. थोडा इसार द्या, मालकासमोर अर्ज दाखल करा, पावती हातात आल्यावरच उरलेली रक्कम खात्यावर पाठवा. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) विकणाऱ्याचाच राहतो, तेवढा फरक तुम्हाला भरावा लागेल. फास्टॅग त्याला बंद करायला सांगून आपला नवा घ्या.