ठिबकला ॲसिड देताना धातूचे भाग सांभाळा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

ड्रिपरमध्ये बसलेले क्षार काढायला आपण ॲसिड सोडतो. पण वाटेत लोखंड, जस्त, ॲल्युमिनियम लागलं तर ॲसिड तेही खातं. किती वेगाने खाणार, हे बरंचसं आपल्या हातात आहे.

आधी धातू कोणता ते बघा. दुकानात आम्ही पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, नट टाकून दाखवतो. नट बुडताच बुडबुडे उसळतात. तो हायड्रोजन, पेट घेणारा वायू, म्हणून जवळ विडी-काडी नको. जस्ताचा मुलामा संपला की बुडबुडे मंदावतात आणि खालचं काळपट लोखंड उघडं पडतं. मग तेही हळूहळू झिजत राहतं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे ते आधी शांत राहतं; थर विरघळला की जोरात फसफसतं. तांब्याला हे ॲसिड फारसं लागत नाही. पितळेत मात्र जस्त असतं. पितळी व्हॉल्व्ह तांबूस दिसायला लागला, की जस्त निघून तो ठिसूळ होतोय असं समजा. फिल्टरची स्टेनलेस जाळी फॉस्फरिकमध्ये टिकते, हायड्रोक्लोरिकने तिला बारीक खड्डे पडतात. जाळीची तार बारीक, सगळ्या बाजूंनी उघडी, म्हणून जाड फ्लँजच्या (पाइप जोडायच्या धातूच्या चकतीच्या) कितीतरी आधी ती जाते.

दुसरी गोष्ट तीव्रता. सामू (pH) जितका कमी, तितकं पाणी जास्त आम्ल. तो 4 वरून 2 वर आला, तर आम्लता दुप्पट नाही, 100 पट होते. “दोन लिटर जास्त टाकू, लवकर साफ होईल” हा हिशेब महागात पडतो. प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं, म्हणून शेजाऱ्याचं प्रमाण घेऊ नका. प्लास्टिकच्या बादलीत आपलंच 10 लिटर पाणी घ्या आणि सामूची पट्टी 4 दाखवेपर्यंत थोडं थोडं ॲसिड घाला. तेच आपलं प्रमाण.

बरेच जण विचारतात, सल्फ्युरिकचा टँकर तर लोखंडी असतो, मग आमच्याच टाकीला भोकं का पडतात? टँकरमधल्या 98 टक्के ॲसिडात पाणी जवळजवळ नसतं, आणि लोखंडावर सल्फेटचा थर बसून ते वाचतं. त्याच ॲसिडात पाणी मिसळलं की ते लोखंडावर तुटून पडतं. लोखंडी टाकीत द्रावण कधीच करू नका.

तिसरी गोष्ट ऊन. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. हिवाळ्यातल्या सकाळचे 15 अंश आणि मे महिन्यातले जळगाव-भुसावळचे 45 अंश, म्हणजे जवळपास आठपट फरक. उन्हाळ्यात हे काम भल्या सकाळीच उरका.

ॲसिड फिल्टरच्या पुढे, प्लास्टिकच्या व्हेंचुरीतूनच (वाहत्या पाण्यात द्रावण ओढून घेणाऱ्या नळीतूनच) सोडा. ठरलेला वेळ झाला की लॅटरलची (ड्रिपर असलेल्या नळ्यांची) टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत फ्लश करा. धातूच्या सांध्यात अडकून राहिलेलं थोडंसं ॲसिडचं पाणीही धातू खातच राहतं.

हातमोजे, चष्मा घाला. नेहमी पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडात पाणी नाही. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

केळीची पावसाळ्यातली मृगबाग असो की हिवाळ्याआधीची कांदेबाग, लागवडीआधी बोअरच्या पाण्याची एक बाटली घेऊन या. सामू तपासून प्रमाण लिहून देऊ.