एका डोळ्याची कोकरं आणि कर्करोगाचं औषध

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले मेंढपाळ हवालदिल झाले होते. डोंगरातल्या कुरणांत चरलेल्या काही मेंढ्यांना कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरं होत होती. सरकारी शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं शोध घेतला, तेव्हा व्हेराट्रम नावाची रानवनस्पती दोषी ठरली. गाभण मेंढीनं ती साधारण चौदाव्या दिवशी खाल्ली, तरच हे व्यंग येई. त्यातल्या विषाला सायक्लोपामाइन असं नाव मिळालं. पण ते गर्भात नेमकं करतं काय, हे कळायला १९९०चं दशक संपत यावं लागलं.

उत्तराची वाट फळमाशीतून निघाली. जर्मनीत हायडेलबर्गला क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस माशीच्या अळ्यांमधली व्यंगं एकेक करून तपासत होते. एका जनुकात बिघाड झाला की अळीच्या अंगावर दाट काटे दिसत, म्हणून त्याचं नाव हेजहॉग, म्हणजे अंगभर काटे असलेला एक छोटा प्राणी. या कामाला १९९५चं नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९३मध्ये, कणा असलेल्या प्राण्यांत त्याचं भावंड सापडलं होतं: सॉनिक हेजहॉग.

हे जनुक पेशीबाहेर सोडलं जाणारं एक प्रथिन बनवतं, आणि ते प्रथिन म्हणजेच शेजारच्या पेशींसाठी संदेश. पेशीत पॅच्ड नावाचं प्रथिन स्मूदन्ड या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवतं. हेजहॉग येऊन पॅच्डला चिकटलं की स्मूदन्ड मोकळं होतं, मग ग्ली प्रथिनं केंद्रकात जाऊन वाढीची जनुकं चालू करतात. आपल्या हाताची बोटंही यावरच ठरली आहेत. गर्भात करंगळीच्या बाजूला हा संदेश सर्वांत तीव्र असतो. अंगठा मात्र त्याच्याविना घडतो. डोळ्यांचं तर मला फारच नवल वाटतं. सुरुवातीला दोन्ही डोळ्यांच्या पेशींचा पट्टा एकच असतो, आणि तो मधोमध विभागायला हाच संदेश लागतो. सायक्लोपामाइन स्मूदन्डलाच बंद पाडतं. पट्टा विभागला जात नाही, डोळा एकच उरतो.

मोठेपणी हा संदेश बहुतेक ठिकाणी शांत असतो. १९९६मध्ये कळलं की गॉर्लिन सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असलेल्या कुटुंबांत पॅच्डचं जनुकच सदोष असतं. या लोकांना बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग वारंवार होतो: बाहेरून कुणी संदेश पाठवलेला नसतानाही पेशी वाढत राहतात. मग ज्यानं कोकरांचे चेहरे बिघडवले, तोच मार्ग औषधासाठी का वापरू नये? स्मूदन्डला अडवणाऱ्या व्हिस्मोडेगिबला अमेरिकेत २०१२मध्ये मान्यता मिळाली. गरोदरपणात ते अर्थातच वर्ज्य आहे. त्याचे दुष्परिणामही बोलके आहेत. केस गळतात, जिभेची चव जाते, कारण केसांची मुळं आणि जिभेवरच्या रुचिकलिका आयुष्यभर याच संदेशावर नव्यानं घडत असतात.

औषधाच्या चाचण्या सुरू असताना मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या एका तरुण रुग्णाला ते दिलं गेलं. शरीरभर पसरलेल्या गाठी झपाट्यानं विरघळल्या आणि काही महिन्यांतच परतल्या. तपासणीत स्मूदन्डमधलं ४७३व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक मणी, बदललेलं निघालं. औषधाला तिथे नीट चिकटताच येत नव्हतं. म्हणून आता स्मूदन्डच्या पुढची कडी, म्हणजे ग्ली, थेट अडवण्याचे प्रयत्न चालू आहेत.