अनुदानित सामाजिक आरोग्यविमा : महाराष्ट्रातील प्रादेशिक नियोजन

आजारपणाच्या खर्चाची जोखीम मोठ्या लोकसमूहात वाटून घेणे आणि त्यासाठी लागणारा हप्ता शासनाने पूर्णतः किंवा अंशतः भरणे, या व्यवस्थेला अनुदानित सामाजिक आरोग्यविमा म्हणतात. खाजगी विम्यात हप्ता ठरवताना माणसाचे वय आणि त्याचे आधीचे आजार पाहिले जातात. सामाजिक विम्यात हप्ता ऐपतीप्रमाणे ठरतो, आणि ज्याची ऐपतच नाही त्याचा हप्ता सरकारी तिजोरीतून जातो. भारतीय राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे विषय राज्यसूचीत असल्यामुळे अशा योजनांचे नियोजन बहुतांशी राज्य पातळीवर झाले. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्राच्या योजनेचा, म्हणजे आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विचार केला आहे. रुग्णांच्या नातेवाइकांच्या तोंडी मात्र तिचे ‘जीवनदायी’ हे जुने नावच अजून टिकून आहे.

सामाजिक आरोग्यविम्याची सुरुवात १८८३ मध्ये जर्मनीत बिस्मार्कच्या काळात झालेल्या कायद्याने झाली, असे मानले जाते. कामगाराच्या पगारातून काही वाटा आणि मालकाकडून काही वाटा घेऊन आजारनिधी चालवायचे, हे त्याचे सूत्र होते. भारतात हेच सूत्र कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने (१९४८) स्वीकारले. पण पगारातून कपात करायची, तर आधी पगारपत्रक हवे. शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, हातगाडीवाले आणि अल्पभूधारक शेतकरी यांचे पगारपत्रक नसते, आणि देशातील श्रमिकांचा फार मोठा भाग यांचाच आहे. देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने विम्याऐवजी करांच्या उत्पन्नातून चालणारी सार्वत्रिक आरोग्यसेवा सुचवली होती. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे त्या अहवालाचे मूलतत्त्व होते. त्यासाठी लागणारा पैसा पुढील काळात कधीच पुरेसा दिला गेला नाही. परिणामी खाजगी रुग्णालये वाढत गेली आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण टाकणे किंवा सावकाराकडे जाणे हा ग्रामीण कुटुंबांचा नित्याचा अनुभव झाला.

महाराष्ट्राने १९९७ मध्ये जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी तीत अर्थसाहाय्य मिळत असे. ती विमा योजना नव्हती. प्रत्येक रुग्णाचा अर्ज, दाखले आणि मंजुरी यांची स्वतंत्र फाइल होत असे, आणि फाइलीच्या वेगाने आजार थांबत नसतो. दरम्यान शेजारच्या राज्यांत दोन महत्त्वाचे प्रयोग झाले. कर्नाटकात २००३ च्या सुमारास सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांकडून अल्प वर्गणी घेऊन यशस्विनी योजना उभी राहिली. आंध्र प्रदेशात १ एप्रिल २००७ रोजी आरोग्यश्री योजना महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत सुरू झाली. तेथील तत्कालीन मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी हे स्वतः डॉक्टर होते. लाभार्थ्याकडून वर्गणी न घेणे, शिधापत्रिकेवरून पात्रता ठरवणे, मोठ्या शस्त्रक्रियांची ठरलेली यादी आणि ठरलेले दर, तसेच रुग्णालयातच बसणारा मदतनीस ही आरोग्यश्रीची चौकट होती. महाराष्ट्राने ती जवळपास तशीच घेतली.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. ही नावे नकाशावर ठेवून पाहिली की निवडीमागचा विचार लक्षात येतो. राज्याच्या सहाही महसुली विभागांतील किमान एक जिल्हा यादीत आहे. एका टोकाला मोठमोठी रुग्णालये असलेली मुंबई आहे, तर दुसऱ्या टोकाला मोठी शस्त्रक्रिया करू शकणारे खाजगी रुग्णालय क्वचितच सापडेल असा गडचिरोली जिल्हा. नोव्हेंबर २०१३ पासून योजना तेव्हाच्या सर्व ३५ जिल्ह्यांत लागू झाली. प्रति कुटुंब वर्षाला दीड लाख रुपये, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख रुपये आणि यादीत ९७२ उपचारपद्धती असे तिचे स्वरूप होते. संरक्षण व्यक्तीला नसून कुटुंबाला होते. घरातील एकाने किंवा सर्वांनी मिळून ती रक्कम वापरावी, कुटुंब किती मोठे याची अट नाही, असा नियम ठेवण्यात आला.

अशा योजनेत पहिला प्रश्न असतो तो यादीचा. गरीब कोण, हे ठरवण्यासाठी नवी पाहणी न करता शासनाने शिधापत्रिका ग्राह्य धरली. पिवळी पत्रिका आणि एक लाखापर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांची केशरी पत्रिका, अशा दोन रंगांत राज्यातील दोन कोटींहून अधिक कुटुंबे आली. दारिद्र्यरेषेच्या वादग्रस्त यादीपेक्षा हा निकष कितीतरी उदार होता, आणि तोच या योजनेचा सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय मानावा लागेल. तरीही धान्यवाटपासाठी केलेले कागदपत्र आरोग्यासाठी वापरल्याने जुन्या अडचणीही सोबत आल्या. नव्या सुनेचे नाव पत्रिकेत चढलेले नसते, पत्रिका गावी आणि कुटुंब कामासाठी शहरात असते, आणि पालावर राहणाऱ्या भटक्या कुटुंबाकडे मुळात पत्रिकाच नसते. मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र पत्रिकाधारक शेतकऱ्यांना पुढे योजनेत घेतले गेले. सातबारा उतारा हा त्यासाठी पुरावा ठरला.

दुसरा प्रश्न उपचारांची यादी आणि दर यांचा. प्रत्येक उपचारासाठी एक ठोक रक्कम ठरलेली असते. खाट, शुश्रूषा, तपासण्या, औषधे, जेवण आणि घरी सोडल्यानंतरचे काही दिवसांचे औषधोपचार हे सारे त्यात धरलेले असते. दर कमी ठेवले तर चांगली रुग्णालये योजनेत येत नाहीत किंवा आलेल्या रुग्णाला ‘आज खाट रिकामी नाही’ असे सांगतात. दर जास्त ठेवले तर नको असलेली शस्त्रक्रियाही होऊ लागते. आंध्र प्रदेशात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा ती शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांपुरती मर्यादित करावी लागली. महाराष्ट्राने सव्वाशेहून अधिक उपचार सुरुवातीपासूनच शासकीय रुग्णालयांसाठी राखीव ठेवले. त्यामुळे गैरप्रकारांना आळा बसतो आणि शासकीय रुग्णालयांनाही विम्याचा पैसा मिळतो. मात्र जवळचे खाजगी रुग्णालय सोडून रुग्णाला लांबच्या शासकीय रुग्णालयात जावे लागते, ही त्याची दुसरी बाजू आहे.

योजनेचा कारभार राज्य आरोग्य हमी सोसायटी या स्वतंत्र संस्थेकडे आहे. जोखीम आरंभी नॅशनल इन्शुरन्स कंपनीने घेतली, तेव्हा प्रति कुटुंब वार्षिक हप्ता ३३३ रुपये होता. २०२० मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनीबरोबर करार झाला तेव्हा तो ७९७ रुपये झाला. हा संपूर्ण हप्ता शासन भरते. वर्षअखेरीस दाव्यांपेक्षा हप्त्याची रक्कम बरीच उरली, तर कंपनीचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचा मोठा भाग शासनाला परत करावा, असे कलम या प्रकारच्या करारांत असते. ज्याचा विमा उतरवला त्याने काहीच भरायचे नाही आणि ज्याने हप्ता भरला त्यालाच शिल्लक परत मिळायची, तर याला विमा म्हणावे की शासनाने ठोक दराने केलेली उपचारांची खरेदी म्हणावे, हा प्रश्न उरतोच. तमिळनाडूने विमा कंपनी कायम ठेवली, तर आरोग्यश्रीने पुढे कंपनीला वगळून विश्वस्त संस्थेमार्फत थेट देयके देण्याचा मार्ग घेतला. महाराष्ट्राने २०२० मध्ये मधला मार्ग निवडला : दीड लाखापर्यंतचा खर्च विमा कंपनीकडून आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या लाभार्थ्यांचा त्यावरील पाच लाखांपर्यंतचा खर्च सोसायटीकडून.

रुग्णाच्या दृष्टीने योजनेचा चेहरा म्हणजे आरोग्यमित्र. प्रत्येक अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील करून घेतलेल्या रुग्णालयात त्याचा कक्ष असतो. तो पत्रिका आणि ओळखपत्र तपासून नोंदणी करतो, रुग्णालय तपासण्यांचे कागद संगणकावर चढवून पूर्वमान्यता मागते, मान्यता आल्यावर उपचार होतात आणि रुग्ण घरी गेल्यावर रुग्णालय दावा सादर करते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरूनही मान्यता घेता येते. कागदोपत्री हा मार्ग सरळ आहे. प्रत्यक्षात पूर्वमान्यता येण्यापूर्वीच्या तपासण्यांचा खर्च, बाहेरून आणायला सांगितलेली औषधे आणि सोबत आलेल्या माणसाचा बुडालेला रोज यांची गणना कोणत्याही दरपत्रकात नसते.

विमा पैसा देतो, पण तो पैसा घेऊन जायला रुग्णालय लागते. प्रादेशिक नियोजनाची खरी कसोटी इथे लागते. अंगीकृत रुग्णालयासाठी खाटा, अतिदक्षता कक्ष, शस्त्रक्रियागृह आणि तज्ज्ञ डॉक्टर यांच्या अटी आहेत. त्या पूर्ण करणारी खाजगी रुग्णालये मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतच एकवटली आहेत. त्यामुळे समान हप्ता भरूनही सर्व जिल्ह्यांना समान सेवा मिळत नाही. गडचिरोलीतील भामरागडच्या रुग्णाच्या नावाने शासन जेवढे पैसे कंपनीला देते तेवढेच पुण्यातील रुग्णाच्या नावाने देते, पण भामरागडच्या रुग्णाला हृदयशस्त्रक्रियेसाठी नागपूर गाठावे लागते. घरी परतण्याचे बस किंवा रेल्वेचे भाडे देण्याची आणि रुग्णालयांनी गावोगाव आरोग्य शिबिरे भरवण्याची तरतूद याच अंतरावर उतारा म्हणून होती. शिबिरांनी रुग्ण शोधले, यात शंका नाही. परंतु शिबिर भरवणाऱ्या रुग्णालयाला त्यातून शस्त्रक्रिया मिळत असल्याने सल्ला आणि जाहिरात यांतली रेषा पुसट होते. शहरांतील धर्मादाय रुग्णालयांवर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन आहे. ही तरतूद विमा योजनेला समांतर चालते, आणि या दोन व्यवस्था एकमेकींत नीट गुंफण्याचे काम बरीच वर्षे दुर्लक्षित राहिले.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतून निवडलेली राज्यातील सुमारे ८४ लाख कुटुंबे तीत होती व त्यांना पाच लाखांचे संरक्षण होते. दोन्ही योजना १ एप्रिल २०२० पासून एकत्रित राबवल्या जाऊ लागल्या. त्याच सुमारास करोनाची साथ आली आणि मे २०२० च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व नागरिकांना, पत्रिकेचा रंग न पाहता, तात्पुरते योजनेत घेतले गेले. तात्पुरती म्हणून उघडलेली ही वाट पुढे कायमची झाली. २०२३ मध्ये सर्व शिधापत्रिकाधारक आणि अधिवास असलेल्या नागरिकांना पाच लाखांपर्यंत संरक्षण, १,३५६ उपचार आणि रुग्णालयांची संख्या सुमारे १,००० वरून १,९०० पर्यंत नेण्याचा निर्णय झाला. त्याची अंमलबजावणी जुलै २०२४ पासून सुरू झाली.

अशा विम्याने जीव वाचतात का, याचे चांगले उत्तर कर्नाटकातून मिळते. तेथील वाजपेयी आरोग्यश्री योजना २०१० मध्ये प्रथम राज्याच्या उत्तर भागात लागू झाली. सीमारेषेच्या अलीकडील आणि पलीकडील शेजारशेजारच्या गावांची संशोधकांनी तुलना केली, तेव्हा योजना असलेल्या गावांत यादीतील आजारांमुळे होणारे मृत्यू आणि रुग्णालयाचा खिशातून होणारा खर्च, दोन्ही कमी आढळले. टप्प्याटप्प्याने राबवलेल्या योजनेचे मूल्यमापन असे करता येते. महाराष्ट्राच्या आठ जिल्ह्यांनीही तशी संधी दिली होती. मात्र या योजना मोठ्या आजारांपुरत्या आहेत. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, डॉक्टरांची तपासणी फी, खोकल्यातापाचे औषध हा बाह्यरुग्ण खर्च त्यांत येत नाही, आणि कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा मोठा भाग तोच असतो. रक्तदाबाची गोळी न परवडलेल्या माणसाला पुढे डायलिसिससाठी मात्र योजनेतून पैसे मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि विमा यांची अंदाजपत्रके एकाच तिजोरीतून जात असताना हा क्रम उलटा आहे, ही जनआरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांची टीका रास्त आहे.

राज्याच्या सीमेवर नियोजनाचे आणखी काही पेच दिसतात. २०२३ च्या निर्णयात कर्नाटकातील ८६५ मराठी भाषक सीमावर्ती गावांतील कुटुंबांनाही योजना लागू करण्यात आली आणि त्यासाठी तेथील चार जिल्ह्यांत दहा रुग्णालये अंगीकृत करण्याचे ठरले. कर्नाटक सरकारने त्याला तीव्र आक्षेप घेतला. गोव्याने २०१६ मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली. तीत उत्पन्नाची अट नाही, वास्तव्याची आहे : पाच वर्षे राज्यात राहिलेल्या कुटुंबाला नाममात्र वार्षिक शुल्क भरून, तिघांपर्यंतच्या कुटुंबास अडीच लाख आणि त्याहून मोठ्यास चार लाख रुपयांचे संरक्षण मिळते. सिंधुदुर्गातील रुग्ण मात्र पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत उपचार घेत आले होते. जानेवारी २०१८ पासून तेथे परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडी भागात आंदोलन उभे राहिले आणि महाराष्ट्राची योजना गोव्याच्या शासकीय रुग्णालयात चालावी, अशी मागणी पुढे आली. सिंधुदुर्गला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये मिळाले. डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णाची रुग्णवाहिका मात्र अजूनही गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून बांबोळीकडेच जाते.