पार्श्वभूमी: इझाकाया, रामेन आणि बदललेलं एक नाव

जपानमध्ये इझाकाया, म्हणजे दारू आणि छोट्या बशांचं ठिकाण, आणि रामेनचं, म्हणजे रश्शातल्या शेवयांचं दुकान ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. इझाकायात माणसं दोन-अडीच तास बसतात, एकेक बशी मागवतात, गप्पा मारतात. रामेनच्या दुकानात दाराशीच यंत्रातून कुपन काढायचं, वाडगा समोर आला की गरम असतानाच सुर्रसुर्र संपवायचा आणि मागे उभ्या असलेल्याला जागा द्यायची. इझाकायातून बाहेर पडल्यावर पुष्कळ जण रात्रीचा शेवटचा घास म्हणून रामेन खातात. त्याला 'शिमे' म्हणतात. आपल्याकडे पानावरून उठण्याआधी ताकभात होतो, तशी ही जागा. न्यू यॉर्क, लंडन आणि अलीकडे मुंबईतल्या रेस्तराँमध्ये मात्र एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), ग्योझा (सारण भरलेले मोमोसारखे तुकडे), याकितोरी (काडीवर भाजलेली कोंबडी), साके (तांदळाची दारू) आणि रामेन एकाच मेनूकार्डावर येतात. ही जुळणी अगदी अलीकडची. त्यातल्या प्रत्येक पदार्थाचा आणि विशेषतः एका नावाचा इतिहास त्याहून बराच गुंतागुंतीचा आहे.

इझाकाया मुळात दारू मापून विकणारं दुकान. लोक आपलं भांडं घेऊन येत, साके भरून घेऊन घरी जात. काही जण तिथेच टेकून प्यायला लागले, त्या पिण्याला 'इझाके' म्हणत. 'इ' म्हणजे तिथेच असणं, बसणं. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, एकट्या पुरुषांची वस्ती प्रचंड होती. सरदारांना ठराविक काळ राजधानीत राहावं लागे, त्यांच्यासोबत शिपाई आणि नोकर येत. 1657 च्या भीषण आगीनंतर शहर पुन्हा उभारायला सुतार-गवंडी आले. घरी चूल नसलेल्या या माणसांना दारूबरोबर काहीतरी गरम हवं होतं. कामाकुरा-गाशी या धक्क्यावरच्या एका साके-विक्रेत्याने भाजलेलं तोफू स्वस्तात द्यायला सुरुवात केली आणि गर्दी लोटली. 1811 च्या मोजणीत एदोत 1808 इझाकाया भरले. शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती, म्हणजे साडेपाचशे माणसांमागे एक.

बसल्या बसल्या समोर येणारी छोटी बशी ही या परंपरेतली आजही वाद होणारी गोष्ट. पूर्व जपानात तिला 'ओतोशी' म्हणतात, ओसाकाकडे 'त्सुकिदाशी'. ती मागितलेली नसते, तरी बिलात माणशी तीनशे ते पाचशे येन लागतात. परदेशी पाहुण्यांना ही फसवणूक वाटते. माझ्या मते ती बसण्याच्या जागेची किंमत आहे आणि दुकानाच्या नावातच ती सांगितलेली आहे. अडचण शाकाहारी माणसाची होते. निशी-कासाईच्या आसपास राहणाऱ्या, आयटीत काम करणाऱ्या मराठी कुटुंबांना हे ठाऊक आहे: बशीत निव्वळ पालक दिसला तरी तो बहुधा सुक्या बोनितो माशाच्या पाण्यात भिजलेला असतो. आधी विचारलेलं बरं.

आता रामेन. 1859 मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं, पाश्चात्त्य व्यापाऱ्यांसोबत चिनी कारकून आणि स्वयंपाकी आले, त्यांच्या वस्तीत गव्हाच्या शेवयांचा रस्सा मिळू लागला. 1910 साली कस्टम खात्यातल्या एका माजी नोकरदाराने तोक्योच्या आसाकुसात दुकान काढलं आणि योकोहामाच्या चिनी वस्तीतून स्वयंपाकी आणले. रामेनचं पहिलं दुकान म्हणून आज याच दुकानाकडे बोट दाखवतात. पण तिथे जो पदार्थ मिळायचा त्याचं नाव रामेन नव्हतं. तो होता 'शिना सोबा', म्हणजे चिनी शेवया.

या 'शिना'पाशी थांबायला हवं, कारण मराठी वाचकाला हा शब्द दुरून ओळखीचा आहे. मूळ संस्कृत 'चीन'. बौद्ध ग्रंथांचं चिनीत भाषांतर करणाऱ्यांनी हा शब्द उच्चारानुसार चिनी अक्षरांत उतरवला, आणि ग्रंथांबरोबर तो जपानला गेला. आपण आज बिनदिक्कत वापरतो तोच शब्द. जपानमध्येही कित्येक शतकं तो पंडितांचा, कोणाला न दुखावणारा शब्द होता. 1894-95 च्या युद्धात जपानने चीनला हरवलं, त्यानंतर त्याला वेगळा वास येऊ लागला. पुढच्या पन्नास वर्षांत आक्रमण, कत्तली आणि वसाहती यांच्या बातम्या याच शब्दाने छापल्या गेल्या. तोक्योत शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांना रस्त्यावर तो कुत्सित सुरात ऐकावा लागे. शब्द जुना, निष्पाप, आपल्याकडूनच गेलेला. तो ज्या तोंडांतून निघाला त्यांनी त्याचं ओझं वाढवलं.

1930 मध्ये चीनच्या सरकारने या नावाचे कागद स्वीकारणार नाही असं ठरवलं. जपानी मंत्रिमंडळानेही त्याच वर्षी अधिकृत पत्रव्यवहारात प्रजासत्ताकाचं पूर्ण नाव लिहायचा निर्णय घेतला. पण वर्तमानपत्रं, शाळा, दुकानं यांना तो लागू नव्हता. शिना सोबा शिना सोबाच राहिला. खरा बदल दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर झाला. जून 1946 मध्ये परराष्ट्र खात्याने परिपत्रक काढलं की हा शब्द टाळावा. त्याचा रोख असा होता की शब्द मुळात बरोबर की चूक या वादात न शिरता, समोरच्याला जो नकोसा वाटतो तो वापरू नये. इतिहास-भूगोलाच्या लिखाणाला त्यात सवलत होती.

या निर्णयावर जपानमध्ये अजून कुरबुर आहे. एक बाजू म्हणते, शब्दाची व्युत्पत्ती स्वच्छ आहे, युरोपी भाषांतली चीनची नावंही त्याच मुळाची मानतात, मग आम्हीच का सोडायचा? शिवाय परिपत्रक हरलेल्या देशाने विजेत्यांच्या दबावाखाली काढलं. दुसरी बाजू म्हणते, ज्याच्याबद्दल शब्द आहे त्याला तो बोचतो, एवढं कारण पुरेसं आहे. मी दुसऱ्या बाजूचा आहे. व्युत्पत्ती कोशात पाहायची असते. जेवायला आलेल्या माणसाला ती ऐकवून त्याची बोच जात नाही. जुन्या काळाची आठवण म्हणून आजही काही दुकानं पाटीवर 'शिना सोबा' लिहितात. तिथला रस्सा उत्तम असेलही, पण ती पाटी पाहून मला प्रसन्न वाटत नाही.

तर पदार्थ 'चूका सोबा' झाला. 'चूका' हेही चीनचंच नाव, पण न बोचणारं. वर ठेवायच्या आंबवलेल्या बांबूच्या कोंबाचं 'शिनाचिकु' हे नाव मागे पडून 'मेनमा' आलं. 'रामेन' हा शब्द तेव्हा होता, पण एका कोपऱ्यात. साप्पोरोत 1920 च्या दशकात विद्यापीठाजवळच्या एका खानावळीत चिनी स्वयंपाकी पदार्थ तयार झाला की 'हाओ ला' अशी हाक देई, त्यातल्या 'रा' वरून मालकिणीने नाव ठेवलं, अशी कथा सांगतात. ग्राहक त्या पदार्थाला चिन्यांना हिणवणाऱ्या नावाने हाक मारत, ते तिला खटकलं होतं, असाही या कथेचा एक भाग आहे. दुसरं मत त्याला चिनी 'लामिएन'शी जोडतं. पण लामिएन हातांनी ओढून करतात, आणि जपानी शेवया लाटून कापतात. त्यांचा पिवळसर रंग आणि लवचिकपणा कान्सुई या खारामुळे येतो. आपल्या पापडखाराच्या जातकुळीचाच तो. व्युत्पत्ती काहीही असो, हा शब्द बहुधा काताकाना लिपीत लिहिला जातो, उच्चारापुरता. कोणाला बोचेल असं चित्राक्षरच त्यात नाही.

नाव बदललं त्या दिवसांत पोटाचा प्रश्न त्याहून मोठा होता. भाताचं पीक बुडालेलं, रेशन अपुरं आणि उशिरा. मंचुरिया, कोरिया, तैवान आणि इतर ठिकाणांहून साठ लाखांहून अधिक सैनिक आणि नागरिक परतत होते. मंचुरियातून आलेल्यांनी ग्योझा आणला. आज इझाकायात बिअरबरोबर हमखास मागवला जाणारा हा पदार्थ असा आला. भाताच्या जागी अमेरिकी गव्हाचं पीठ येत होतं, त्यातलं बरंच काळ्या बाजारात वळत होतं. तिथे शेवयांच्या हातगाड्या उभ्या राहिल्या. जुलै 1947 मध्ये धान्य वाचवण्यासाठी सरकारने खाण्यापिण्याची बहुतेक दुकानं बंद करायला लावली, तरी चोरून धंदा चालू राहिला. गाडीवाला रात्री 'चारुमेरा' वाजवत फिरे. सनईच्या जातीचं हे वाद्य, नाव पोर्तुगीज. दारू म्हणून गाळसाळीची शोचू आणि तोंडी लावायला भाजलेली डुकराची आतडी, कारण त्यांच्यावर नियंत्रण नव्हतं. आजच्या महागड्या मेनूवर हेच 'मोत्सु' कौतुकाने छापलेलं असतं. 1949 मध्ये दारूची विक्री खुली झाली आणि इझाकाया पुन्हा उजेडात आला.

1954 मध्ये अमेरिकेने आपलं जादा धान्य इतर देशांना देण्याचा कायदा केला, पी. एल. 480. पुढच्याच वर्षी जपानशी त्याखाली करार झाला. 1956 पासून भारतातही याच कायद्याखाली गव्हाची जहाजं लागली. रेशनच्या रांगेतला तो गहू आपल्याकडच्या वयस्कर माणसांच्या आठवणीत आहे. आपण त्याच्या पोळ्या लाटल्या. जपानमध्ये त्याचे पाव झाले आणि शेवयाही.

25 ऑगस्ट 1958 रोजी ओसाकाजवळ तयार झालेलं कोंबडीच्या चवीच्या झटपट शेवयांचं पाकीट 35 येनला बाजारात आलं. गरम पाणी ओता, थोडा वेळ झाका. पाकिटावर 'रामेन' लिहिलं होतं. टीव्हीवरच्या जाहिरातींनी तो शब्द घराघरांत नेला आणि पाहता पाहता चूका सोबा हे नाव जुनं वाटायला लागलं. परिपत्रकाने एक नाव काढलं होतं, दुसरं रुजवलं ते पाकिटाने. योकोहामात 1994 मध्ये उघडलेल्या रामेनच्या संग्रहालयात जुनी गल्ली उभी केली आहे, तीही 1958 सालची.

नंतरचं सगळ्यांना साधारण माहीत आहे. साप्पोरोचा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा), हाकाताचा तोंकोत्सु (डुकराच्या हाडांचा), एकेका गावाचा आपापला वाडगा. ऐंशीच्या दशकात इझाकायांच्या साखळ्या वाढल्या, चित्रांचं मेनूकार्ड आलं, शोचूत सोडा घालून केलेलं 'चूहाय' लोकप्रिय झालं, आणि ऑफिसातल्या पुरुषांच्या या जागेत विद्यार्थी आणि मुली येऊ लागल्या. डिसेंबर 2015 मध्ये तोक्योतल्या सुगामो भागातल्या एका छोट्या रामेन-दुकानाला मिशलिनचा तारा मिळाला.

इझाकाया आणि रामेन एका छताखाली येण्याचं कारण हिशेबात आहे. जपानमध्ये रामेनचा वाडगा हजार येनांच्या पुढे गेला की गिऱ्हाईक नाराज होतं, धंद्यातली माणसं याला 'हजार येनांची भिंत' म्हणतात. तिथे जागा पटापट रिकामी होते म्हणून ते परवडतं. परदेशात माणूस जेवायला बसतो तो संध्याकाळ घालवायला. फुकुओकाच्या एका दुकानाने 2008 मध्ये न्यू यॉर्कला शाखा काढली, तेव्हा आधी बार, मग छोट्या बशा, मग रामेन असा क्रम ठेवला. वाडगा मोठ्या नफ्याचा नसतो, दारू आणि बशा तो भरून काढतात. हाच नमुना पुढे जगभर गेला.

मुंबई-पुण्यात त्यात आणखी एक बदल झाला. डुकराच्या हाडांच्या रश्शाऐवजी कोंबडीचा दाट रस्सा, आणि शाकाहाऱ्यांसाठी कोंबु (समुद्री शेवाळ), शिताके (अळंबी), मिसो, सोयाच्या दुधाचा. तोही नीट केला तर उत्तम लागतो. एकच गोष्ट खटकते: इथे वाडगा पहिल्या बशांबरोबरच टेबलावर येतो, गप्पांत वीस मिनिटं जातात आणि शेवया फुगून बसतात. आधी बशा मागवाव्यात आणि रामेन शेवटी आणा असं सांगावं. चांगलं स्वयंपाकघर तोपर्यंत शेवया पाण्यात टाकतच नाही.