यश काय देते आणि काय घेऊन जाते

पगार वाढला, पद वाढले, पवईत किंवा ठाण्यात स्वतःचे घर झाले, मुलांच्या शिक्षणाची सोय लागली, आणि तरीही रविवारची संध्याकाळ आली की मन रिते वाटते, असे सांगणारी माणसे मुंबईत जवळजवळ प्रत्येकाच्या ओळखीत असतात. हे सहसा उघडपणे बोलले जात नाही, कारण समोरून येणारे उत्तर आधीच ठाऊक असते: ‘तुला कमी काय आहे?’ ज्याच्या आईवडिलांनी चाळीतल्या एका खोलीत संसार केला, त्याला तर हे कुणी विचारावेही लागत नाही. तो स्वतःच स्वतःला विचारतो आणि ओशाळून गप्प बसतो. या रितेपणाला कृतघ्नपणा किंवा मनाचा दुबळेपणा समजू नये, असे मला आग्रहाने वाटते. यशाचा आनंद ओसरणे हा मेंदूच्या कामाचाच भाग आहे. त्याहूनही महत्त्वाचे असे की, ज्या गोष्टींमुळे आयुष्याला अर्थ येतो, त्यांपैकी काही गोष्टी यशाच्या वाटेवर आपल्या हातून सुटत जातात, आणि त्या सुटल्याची नोंद आपण कुठेच ठेवत नाही.

आधी मेंदूकडे पाहू. स्वित्झर्लंडमधील वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन पेशींच्या, म्हणजे डोपामिन या रसायनाद्वारे संदेश पाठवणाऱ्या पेशींच्या, हालचाली टिपल्या. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की या पेशी जोरात संदेश पाठवत. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर मात्र त्या दिवा लागताच चेतत, आणि प्रत्यक्ष रस मिळाला तरी शांत राहत. अपेक्षित रस मिळालाच नाही, तर त्यांची नेहमीची हालचालही मंदावत असे. शुल्त्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ साली या निरीक्षणांचा जो अर्थ मांडला तो असा की, या पेशी सुख मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. बढती मिळणार हे वर्षभर दिसत असेल, तर तिचे पत्र हातात पडते त्या दिवशी हा फरक जवळजवळ शून्यावर आलेला असतो.

मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांच्या प्रयोगांनी आणखी एक गाठ सोडवली. ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामिन जवळजवळ नाहीसे केले होते, ते समोरच्या अन्नाकडेही जात नसत. मात्र साखरेचे पाणी तोंडात घातले की पूर्वीइतक्याच गोडीने ओठ चाटत. म्हणजे हवेसे वाटणे आणि आवडणे यांच्या यंत्रणा मेंदूत वेगवेगळ्या आहेत. एखादी गोष्ट मिळवण्यासाठी माणूस दहा वर्षे जिवाचे रान करू शकतो, आणि मिळाल्यावर ती त्याला फारशी सुखावत नाही, ही विसंगती त्यामुळे समजू लागते. आपल्या पुढच्या भावनांचा अंदाजही आपल्याला नीट येत नाही. डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्यापीठातील नोकरी कायम झाली तर आपण दीर्घकाळ आनंदी राहू आणि झाली नाही तर दीर्घकाळ खचून जाऊ, असे तरुण प्राध्यापकांना वाटत होते. प्रत्यक्षात काही वर्षांनंतर नोकरी कायम झालेले आणि न झालेले यांच्या आनंदात फारसा फरक आढळला नाही.

पैशाने सुख येत नाही, असा निष्कर्ष यावरून घाईने काढला जातो. तो मला मान्य नाही, आणि संशोधनालाही नाही. फिलिप ब्रिकमन यांच्या १९७८ सालच्या गाजलेल्या अभ्यासात लॉटरी जिंकलेले लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा विशेष सुखी आढळले नव्हते. पण त्यात विजेते होते अवघे २२. स्वीडनमधील लॉटरी विजेत्यांचा कितीतरी मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मोठी रक्कम मिळालेल्यांचे आयुष्याविषयीचे समाधान अनेक वर्षांनंतरही वाढलेले दिसले. ज्या शहरात भाड्याच्या घराचा करार दर अकरा महिन्यांनी संपतो, तिथे पैशाने मिळणारी निश्चिंती खरी आहे, आणि तिला कमी लेखणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र डॅनियल कानेमन, मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांनी २०२३ साली अमेरिकेतील आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा एक फार बोलकी गोष्ट समोर आली. बहुतेकांचा रोजचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो. पण सर्वांत दुःखी असलेल्या गटात तो वर्षाला सुमारे एक लाख डॉलरपर्यंत वाढतो आणि मग थबकतो. गरिबीमुळे होणारे हाल पैशाने कमी होतात, पण जवळचे माणूस गेल्याचे दुःख, मोडलेले नाते किंवा नैराश्य यांवर आणखी पैशाचा उपाय चालत नाही. रितेपणाचे काहीसे असेच आहे.

मग अर्थ म्हणजे काय? मानसशास्त्रज्ञ त्याचे साधारण तीन पदर मानतात: आपले आयुष्य आपल्याला सुसंगत वाटणे, पुढे जाण्यासाठी काही प्रयोजन असणे, आणि आपल्या असण्याने कुठेतरी फरक पडतो अशी जाणीव असणे. हा अर्थ आणि आनंद बरेचदा हातात हात घालून येतात, पण ते एक नव्हेत. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या पाहणीत, गरजा भागणे आणि सुखसोयी असणे यांचा संबंध आनंदाशी दिसला, अर्थपूर्णतेशी जवळजवळ नाही. उलट चिंता, ताण आणि इतरांसाठी झिजणे यांचा संबंध अर्थपूर्णतेशी दिसला. अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करणारी मुलगी आनंदी असेलच असे नाही, पण आपले दिवस निरर्थक चालले आहेत असे ती क्वचितच म्हणेल.

तिसरा पदर, म्हणजे आपल्या असण्याने फरक पडण्याची जाणीव, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यश नेमका त्यालाच धक्का लावते. समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९८१ साली या जाणिवेचे विश्लेषण करताना जे घटक सांगितले, त्यांत कुणाचे तरी आपल्याकडे लक्ष असणे, कुणाला तरी आपण महत्त्वाचे वाटणे आणि कुणीतरी आपल्यावर विसंबून असणे यांचा समावेश होता. आता मुंबईतल्या एखाद्या यशस्वी माणसाचा प्रवास या तीन घटकांच्या बाजूने पाहावा. गिरगावात किंवा लालबागमध्ये तो वाढला, तेव्हा दरवाजे दिवसभर उघडे असत; त्याला ताप आला तर ते तीन बिऱ्हाडांना कळत असे, आणि गणपतीत मंडपाच्या वायरिंगचे काम त्याच्याशिवाय अडत असे. टॉवरमधल्या विसाव्या मजल्यावर एकांत आहे, लिफ्ट आहे, पाणी आहे, पण त्याच्यावाचून काहीच अडत नाही. चाळीत खासगीपणा नव्हता, भांडणे होती, सार्वजनिक संडासाची रांग होती. चाळीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ती सोडणे बहुतेकांच्या दृष्टीने योग्यच होते. पण घराबरोबर हेही सुटले, हे मोजायचे राहून गेले.

लोकलचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. विरार, कर्जत, कसारा मार्गावरच्या ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात वर्षानुवर्षे टाळ वाजवत भजने म्हणणारी मंडळी असतात. एखादा दोन दिवस दिसला नाही तर त्याच्या घरी फोन जातो. ऑक्सफर्डमधील रॉबिन डनबर यांच्या गटाने सामूहिक गाण्याचा अभ्यास केला आहे. एकत्र गायल्यानंतर माणसांची वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली दिसते, ज्यावरून मेंदूत एंडॉर्फिन हे वेदना शमवणारे रसायन स्रवत असावे असे मानले जाते, आणि परस्परांविषयीची जवळीकही वाढते. गर्दीत घुसमटत रोज दीड-दोन तास प्रवास करणाऱ्यांना हे भजन का टिकवावेसे वाटते, याचे एक उत्तर यात आहे. कंपनीची गाडी दाराशी येऊ लागली की धक्के संपतात, घाम संपतो, आणि आपण आलो नाही हे लक्षात घेणारी माणसेही त्याच दिवशी सुटतात.

कामाच्या ठिकाणीही असेच घडते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार स्वायत्तता, कर्तबगारीची जाणीव आणि आपुलकी या माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा आहेत. २००९ साली त्यांनी क्रिस्तोफर निमीक यांच्यासह नव्या पदवीधरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नातेसंबंध, स्वतःची वाढ आणि समाजाशी जोडलेपण ही उद्दिष्टे साधलेल्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले होते, तर पैसा, प्रसिद्धी आणि प्रतिमा ही उद्दिष्टे साधलेल्यांच्या स्वास्थ्यात सुधारणा दिसली नाही. उलट त्यांच्यात चिंतेसारख्या तक्रारी वाढल्या होत्या. पूल उभारणारा इंजिनिअर बढती मिळून पुलांच्या फाइली तपासू लागतो, रुग्ण पाहणारी डॉक्टर प्रशासनात जाते, वर्गात शिकवणारे सर वेळापत्रके जुळवत बसतात. पद वाढते, पण आपल्या हातचे काम कुणाच्या उपयोगी पडले ते डोळ्यांनी दिसेनासे होते. हे दिसण्याला किती मोल आहे, ते ॲडम ग्रँट यांच्या २००७ सालच्या प्रयोगाने दाखवले. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांची, त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटे भेट घडवण्यात आली. महिनाभरानंतर ते फोनवर पूर्वीच्या दुपटीहून अधिक वेळ काम करत होते. पगार तोच होता आणि कामही तेच.

इथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि त्यासोबत झोप व भूक बिघडली असेल, सतत थकवा असेल, अपराधी वाटत असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर ते नैराश्य असू शकते. हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे आणि त्याला आयुष्याच्या अर्थाचा प्रश्न समजून अंगावर काढणे धोक्याचे आहे. केईएम, नायर आणि शीव या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते.

आजार नसलेल्या रितेपणाबाबत मात्र, नोकरी सोडून डोंगरात जाण्याचा किंवा दुसरे मोठे ध्येय शोधण्याचा सल्ला मला पटत नाही; नवे ध्येय त्याच डोपामिनच्या चक्राला जोडले जाण्याची शक्यता मोठी असते. सुटलेला धागा नेमका कोणता, ते आधी पाहावे. कामाचा परिणाम दिसेनासा झाला असेल, तर वरिष्ठ झाल्यावरही हातचे थोडे काम स्वतःकडे राखावे. एमी व्रेसनेव्स्की आणि जेन डटन यांनी अभ्यासलेल्या रुग्णालयातील काही सफाई कर्मचाऱ्यांनी रुग्णांशी आणि नातेवाइकांशी बोलणे हा आपल्या कामाचाच भाग मानला होता. पद न बदलता कामाचा अर्थ बदलता येतो, याचा तो पुरावा आहे. कुणी विसंबून असण्याची जाणीव हरवली असेल, तर जिथे आपली गैरहजेरी खरोखर जाणवेल अशी जागा निवडावी. अंध विद्यार्थ्याचा लेखनिक परीक्षेला पोहोचला नाही, तर त्या विद्यार्थ्याचा पेपर अडतो. रात्रशाळेतल्या मुलांना गणित समजावणारा माणूस आला नाही, तर मुले वाट पाहतात. धनादेश पाठवणे चांगलेच, पण दिलेल्याचा परिणाम समोर दिसला तर देणाऱ्याचे समाधान अधिक असते, असे अभ्यास सांगतात.

आणि याला वेळ द्यावा लागतो. डनबर यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील प्रौढांच्या वर्गांचा सात महिने अभ्यास केला, तेव्हा गाण्याच्या वर्गातील माणसे पहिल्या काही आठवड्यांतच एकमेकांच्या जवळ आली, तर हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांतील माणसांना बराच अधिक काळ लागला. पण अभ्यास संपला तेव्हा सर्व वर्गांतील जवळीक सारखीच होती. म्हणून तीन-चार रविवार जाऊनही काही वाटत नाही अशा कारणाने नवे काम सोडण्याआधी, निदान सहा-सात महिने त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, त्याच माणसांमध्ये जात राहावे.