उंच फेकली म्हणून बाटली झेलता येत नाही

लालबागला ताईच्या चाळीच्या गच्चीवर मे महिन्यात पापड-कुरडयांची वाळवणं पडतात. यंदा त्यांच्या शेजारी एक जुनी कापसाची गादी अंथरलेली दिसली आणि तिच्यापुढे भाचा बाटल्या उडवत उभा. हॉटेल मॅनेजमेंटला आहे, फ्लेअर बारटेंडिंग शिकतोय. पेय बनवता बनवता बाटल्या आणि शेकर हवेत फिरवून झेलायचे, असा तो प्रकार. बाटलीला बाहेरून चिकटपट्टी, आत थोडं पाणी. एकदा बाटली थेट पापडांवर गेली, तेव्हापासून मायलेकांचं बोलणं जेवणापुरतंच.

"मामा, अजून उंच फेकली की झेलायला वेळ मिळेल ना?"

इथेच फसायला होतं. हातापासून ५० सेंटिमीटर वर गेलेली बाटली परत हातात यायला साधारण ०.६४ सेकंद लागतात. उंची दुप्पट केली, म्हणजे १ मीटर, तर वेळ होतो फक्त ०.९ सेकंद, तो उंचीच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतो. मनगटाने दिलेली गिरकी मात्र हवेत तशीच चालू राहते, तिला थांबवणारं तिथे कोणी नसतं. त्यामुळे ५० सेंटिमीटरला बरोबर एक कोलांटी घेणारी बाटली त्याच झटक्याने १ मीटरवर जवळजवळ दीड घेते. मान यायची तिथे बूड येतं, तेही जास्त वेगाने. पोराच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय ते यामुळेच.

शिवाय डोळ्यांना दिसल्यावर हात हलायलाच सुमारे ०.२ सेकंद जातात. म्हणून मुरलेला बारटेंडर बाटलीच्या मागे धावत नाही, ती जिथे येणार तिथे त्याचा हात आधीच असतो. बाटली सुटली की त्याचं अर्धं काम संपलेलं असतं.

बूच नसलेली बाटली उलटीपालटी होते तरी सांडत का नाही? हवेत बाटली आणि पाणी दोन्ही एकत्रच पडत असतात, त्यामुळे पाण्याला 'खाली' असं काही उरत नाही. उरते ती गिरकी. बाटली आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरते आणि तळाशी असलेलं थोडंसं पाणी बाहेरच्या बाजूला, म्हणजे बुडालाच दाबलं जातं. पाणी गुरुत्वमध्याच्या पलीकडे मानेपर्यंत भरलेलं असेल, तर तेवढं तोंडातून उडणार. निव्वळ खेळ दाखवायचा असतो तेव्हा बाटलीत पेय अगदी कमी ठेवतात, ते उगाच नाही. त्यात आणखी एक मेख आहे. फिरताना पाणी बाटलीत लांबवर पसरलं की गिरकी मंदावते. नेदरलँड्समधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये पाण्याच्या बाटलीवर हे मोजून दाखवलं. म्हणजे दोन पेग ओतून झाले की तीच बाटली वेगळी वागणार आणि मनगटाला नवा हिशोब करावा लागणार.

झेलणं शिवाजी पार्कवर स्लिपला उभं राहिलेल्याला सांगायला नको. ५० सेंटिमीटरवरून आलेली बाटली ताठ हाताने १ सेंटिमीटरात थांबवली, तर हाताला सरासरी तिच्या वजनाच्या ५१ पट जोर लावावा लागतो. हात २० सेंटिमीटर खाली नेत थांबवली, तर साडेतीन पट. तळहाताच्या मागच्या बाजूवर बाटली उभी राहते, त्या 'स्टॉल'चं गुपितही हेच. हात तिच्याच वेगाने खाली जात असतो, त्यामुळे ती आदळतच नाही.

मला स्वतःला उडवण्यापेक्षा ओतणं जास्त आवडलं. साध्या बाटलीतून पेय बुडबुडत, धक्के देत पडतं, कारण बाहेर पडणारं पेय आणि आत शिरणारी हवा एकाच तोंडात भांडतात. तोंडावर बसवायच्या पोअररमध्ये हवेसाठी वेगळी बारीक नळी असते. त्यामुळे धार एकसारखी पडते आणि आकडे मोजून माप घेता येतं. चारपर्यंत मोजलं की ६० मिली, म्हणजे एका आकड्याला १५.

आजीच्या खोकल्याच्या औषधाचं १५ मिलीचं माप आणून मी पुढे धरलं. तो "एक" म्हणाला आणि हात उचलला. पाणी बरोबर रेघेवर. चार वेळा केलं, चारही वेळा रेघेवर.

"पण उपयोग काय मामा," तो म्हणाला, "गिऱ्हाईक पेग मेजर दाखवल्याशिवाय ऐकत नाही."