ढाक्यातली खुर्ची हलली की सीमेवर काय हलतं?

5 ऑगस्ट 2024 ला शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या, सीमेवरची व्यापारी नाकी थंडावली आणि नाशिकहून गेलेले कांद्याचे ट्रक तिकडेच अडकले. लासलगाव-पिंपळगावच्या व्यापाऱ्यांना सत्तापालटाची झळ लगेच लागली आणि काही दिवसांत गाड्या हलल्याही. सशस्त्र गटांचं गणित इतकं सरळ नसतं. तिथला फरक दिसायला महिने, कधी वर्षं जातात.

परक्या देशात दडलेल्या गटाला काय लागतं? जंगलातला तळ ही त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट. महाग पडतात ती खोट्या नावाची कागदपत्रं, शहरातलं भाड्याचं घर, पैसा फिरवायला एखादा धंदा आणि शस्त्रं उतरवायला जागा. तिथल्या यंत्रणेने काणाडोळा केल्याशिवाय यातलं काहीच फार दिवस टिकत नाही. 1 एप्रिल 2004 च्या रात्री बांगलादेशातल्या चितगावच्या युरिया कारखान्याच्या धक्क्यावर हे उघडं पडलं. ट्रॉलरमधून उतरलेला माल दहा ट्रकांत भरला जात होता: 4,930 बंदुका, 27,020 हातबॉम्ब, 840 रॉकेट लाँचर आणि 11 लाखांवर काडतुसं. माल आसामच्या उल्फा या बंडखोर संघटनेसाठी होता. 2014 मध्ये फाशी सुनावलेल्या 14 जणांत उल्फाचा परेश बरुआ होता, तसेच एक माजी गृहराज्यमंत्री आणि गुप्तचर संस्थांचे माजी प्रमुखही.

जानेवारी 2009 मध्ये हसीना सत्तेवर आल्या आणि वारं फिरलं. त्याच डिसेंबरात उल्फाचा अध्यक्ष अरबिंद राजखोवा भारताच्या हाती लागला. पण उल्फाचाच दुसरा नेता अनुप चेतिया 1997 पासून बांगलादेशात अटकेत असूनही भारतात आला तो थेट नोव्हेंबर 2015 मध्ये. प्रत्यार्पण करारच मुळी 2013 चा. म्हणजे मर्जी असली तरी कागद हलायला वेळ लागतो. बरुआ तर म्यानमार-चीन सीमेकडे सरकला. इकडे दाबलं की तिकडे फुगतं.

मर्जीइतकीच महत्त्वाची असते पकड. म्यानमारच्या लष्कराने 2019 च्या सुरुवातीला सागाइंग प्रांतातल्या टागा इथले ईशान्य भारतातल्या बंडखोरांचे तळ ताब्यात घेतले आणि मे 2020 मध्ये 22 बंडखोर विमानाने भारताकडे पाठवले. 1 फेब्रुवारी 2021 ला त्याच लष्कराने सत्ता बळकावली, देशभर बंड पेटलं आणि सागाइंग हातातून निसटू लागलं. मग कालचे नकोसे पाहुणे कामाचे ठरले: मणिपुरी गट लष्कराच्या बाजूने लढत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. अडचणीतलं सरकार मित्र निवडत बसत नाही.

आसरा फक्त पलीकडेच मिळतो, असंही नाही. 1975 मध्ये मुजीबुर रहमान यांची हत्या झाली, त्यानंतर चितगाव डोंगरी भागात बांगलादेश सरकारविरुद्ध लढणाऱ्या शांतिवाहिनीला त्रिपुरात थारा मिळाला. तो प्रश्न 2 डिसेंबर 1997 च्या कराराने मिटला, तेव्हाही ढाक्यात हसीनाच होत्या.

म्हणून 2024 नंतरचं चित्र पाहताना नेत्यांच्या भाषणांपेक्षा तुरुंग आणि कोर्टं बघावीत. नरसिंदीचा तुरुंग 19 जुलैला, म्हणजे सरकार पडायच्या आधीच फुटला. 826 कैदी पळाले, त्यांत नऊ अतिरेकी. इथे ढिली पडली ती पकड. ऑगस्टअखेर अन्सारुल्ला बांगला टीम या अतिरेकी संघटनेचा म्होरक्या जशिमुद्दीन रहमानी जामिनावर सुटला. डिसेंबरात ढाक्याच्या हायकोर्टाने चितगाव खटल्यात माजी गृहराज्यमंत्र्याला निर्दोष सोडलं आणि बरुआची फाशी रद्द केली.

पण निकाल फिरला म्हणून धक्क्याला लगेच ट्रॉलर लागत नाही. माल घेणारा गटही उरायला हवा. उल्फाच्या वाटाघाटीवाल्या गटाने तर 29 डिसेंबर 2023 लाच दिल्लीत शांतता करारावर सह्या केल्या होत्या. बाहेर राहिला तो बरुआचा गट, आणि त्याचा आसरा आता बांगलादेशात नाही, म्यानमारकडे आहे.